ऐंशीबाईंचे ठिपके

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना एका यंत्राने गिळलेलं होतं.

पाणीपुरवठा खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दारामागे, ते यंत्र उभं होतं. उभं कसलं, ठाण मांडून बसलं होतं. चार लोखंडी कपाटांची आपसांत लग्नं लावून द्यावीत आणि त्यांच्या तीन पिढ्या त्याच खोलीत नांदाव्यात, एवढा त्याचा पसारा. पोटातून गांधीलमाश्यांच्या पोळ्यासारखं घूं घूं चाललेलं. आणि खालच्या झडपेतून दोन पाय बाहेर आलेले. पायांत राखाडी चपला. बाकीच्या बाई आत.

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. वय चोवीस, खिशात कोरी करकरीत पदवी, आणि काहीतरी करून दाखवण्याची घाई. मी पिशवी टाकली, "अहो, कुणीतरी या, यंत्रात बाई अडकल्यात" असा गलका केला, दोन्ही पाय धरले आणि विहिरीतून भरलेली कळशी शेंदावी तसा जोर लावला. दोन चपला माझ्या हातात आल्या. बाई होत्या तिथेच राहिल्या.

आतून शांत आवाज आला. "चपला खाली ठेवा. कोण आहे?"

"मी नवीन प्रोग्रॅमर."

आत एक स्क्रू घरंगळला.

"मग डाव्या हाताला छोटा पंखा पडलाय, तो आत द्या. आणि चपला नीट ठेवा. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे."

पंधरा मिनिटांनी बाई बाहेर आल्या. लहानखुऱ्या, सडपातळ, केसांवर धूळ, गळ्यात दोरीला चष्मा, आणि अंबाड्यात एक स्क्रूड्रायव्हर खोवलेला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, खुर्ची दाखवली आणि "बसा" म्हणाल्या. मी बसलो. कुणीतरी येऊन आता काम समजावून सांगेल, म्हणून दुपारच्या जेवणापर्यंत बसूनच राहिलो. डबा उघडता उघडता बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय जावईबापू, हात धुवायला पाणी आणून देऊ, का आपणहून उठताय?"

त्या दिवसापासून मी त्या खात्यात जावईबापू झालो. त्यांना मात्र सगळे ऐंशीबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता.

या नावामागे कारण होतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा संगणकाला माहिती द्यायची ती पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून. एका कार्डावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. ऐंशी संपले की संपलं. बाईंनी अशी हजारो कार्डं भरली, आणि त्या कार्डांनी बाईंना भरून टाकलं. पुढे कार्डं गेली, टेपा आल्या, पडदे आले, पण बाईंचं ऐंशी गेलं नाही. त्यांचा रजेचा अर्ज मी स्वतः पाहिला आहे: 'ताप आहे. उद्या येत नाही. परवा येईन. पंखा बंद करू नये.' त्या बोलतानासुद्धा एका ठराविक लांबीला पोचल्या की थांबायच्या, आणि समोरच्याला वाटायचं, बाईंना राग आला. राग वगैरे काही नसायचा. ओळ संपलेली असायची.

साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात बोलावून स्पष्ट सांगितलं. शहराच्या जमिनीखाली अकरा हजारांवर व्हॉल्व आहेत. पाइप फुटला, गळती झाली, की ते बंद करावे लागतात. कोणता व्हॉल्व कुठे आहे, केवढा आहे, बंद करायला किती फेरे लागतात, ही सगळी माहिती बाईंच्या यंत्रात आहे. वर्षअखेरीला बाई मुदतीआधीच निवृत्ती घेणार, त्याच दिवशी यंत्राची वीज तोडणार. तोवर एकूण एक नोंद नव्या संगणकात आली पाहिजे.

"आली तर तू कायम," साहेब म्हणाले. "नाही तर..."

'नाही तर'च्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते लख्ख दिसत होतं. आमचं छत्र्यांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. मी शहरात निघालो तेव्हा वडिलांनी एवढंच म्हटलं होतं की जा, बघ. आणि मग दर रविवारी फोनवर एकच प्रश्न: "झालास का कायम? तुझं स्टूल अजून हलवलेलं नाही." ते स्टूल तीन पायांचं होतं आणि चौथ्या पायाच्या जागी विटा होत्या. त्या स्टुलावर बसून काड्या वाकवत म्हातारा झालेला मी मला स्वप्नात दिसायचो.

तर असा मी, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक चष्मेवाला, असे आम्ही दोघे बाईंचा प्रोग्रॅम वाचायला बसलो. आणि पहिला महिना नुसते हसलो.

प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला नावं लागतात. शिकवणीच्या पुस्तकात म्हटलं होतं, की लक्षात राहतील अशी नावं द्या. बाईंनी दिली. तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालेलं, सासरी नऊ माणसं. 'सासू' म्हणजे असा आकडा जो एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलायचा नाही. 'सासरा' तिच्याइतकाच ठाम, पण सासूनं विचारलं तरच पुढे येणारा. 'जाऊ' दोन आकड्यांची तुलना करायला. 'दीर' रिकामा, जिथे कमी पडेल तिथे. 'नणंद' आली की चाललेलं काम थांबायचं आणि तिचं आधी व्हायचं. 'जावई' नावाच्या रकान्यात बिनकामाच्या, पण टाकून न देता येणाऱ्या नोंदी बसवून ठेवलेल्या असत. (हे कळल्यावर चष्मेवाला माझ्याकडे बघून अर्धा तास हसला.) आणि 'नवरा' म्हणून एक रकाना अगदी सुरुवातीला जाहीर केलेला, पण पुढच्या चार हजार ओळींत त्याचा कुठेही वापर नाही. मी तो काढून टाकला. प्रोग्रॅम चालेना. परत ठेवला, निमूट चालू लागला. असं का, ते मला पुढे कळलं, पण ते कारण संगणकातलं नव्हतं.

सगळ्यांवर कडी म्हणजे 'माहेर'. काहीही बिघडलं की प्रोग्रॅम हातातलं सगळं टाकून 'माहेर' नावाच्या ओळीवर जायचा. तिथे एकच काम: जरा थांबायचं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

"हे बघ," चष्मेवाला म्हणाला, "ओळ दोन हजार एकशे दहा. सासू शून्य असल्यास माहेरी जा."

"सासूच शून्य झाली तर माहेरी कशाला जाईल कुणी?"

काचेपलीकडून बाईंचा आवाज आला. "तेव्हाच तर सवड मिळते."

आम्ही त्यांच्या तोंडावर थट्टा करायचो आणि त्या आमच्या. त्यांच्या नोंदीत सालाला दोनच आकडे होते. शतक बदललं की यंत्राला वाटणार, शंभर वर्षं मागे आलो, आणि ते व्हॉल्व सोडून पाणवठे शोधायला लागणार.

"बाई, दोन हजार साल उजाडलं की काय करणार तुम्ही?"

"अकरापर्यंत झोपणार."

उलट आमचा नवा साचा पाहून त्यांना कीव आली. आमच्या पद्धतीत प्रत्येक आकड्याच्या आधी 'आकडा येत आहे' आणि नंतर 'आकडा येऊन गेला' अशी द्वाही फिरवायची असे. बाईंच्या एका ओळीचं आमच्याकडे दीड पान झालं. बाईंनी ते दीड पान हातात धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. म्हणाल्या, "एवढ्या स्वागताने आकडा दमून जाईल."

हसण्यात आठ महिने कसे गेले कळलं नाही. आणि मग एका दुपारी मला ठिपके दिसले.

बाईंच्या नोंदीत एकसष्टावा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा होता. पण मध्येच एखाद्या ओळीत तिथे एक ठिपका. पुन्हा शंभर ओळी कोऱ्या. पुन्हा ठिपका. मी मोजले. तीनशे बारा.

"हे काय असेल रे?"

"घाण," चष्मेवाला म्हणाला. "कार्डांच्या जमान्यातली. माशी बसली असेल."

"तीनशे बारा माश्या?"

"सरकारी खातं आहे. आणखी बसल्या असतील, उडून गेल्या."

बाईंना विचारायला हवं होतं. त्या वीस पावलांवर होत्या. पण त्या सकाळी मी त्यांना अकरा प्रश्न विचारून झाले होते, आणि अकराव्याला त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापू, आता हे पण मीच सांगू, का तोंडात घास भरवू?" म्हणून बारावा प्रश्न मी गिळला. तीन ओळींचा एक झाडू लिहिला आणि एकसष्टाव्या रकान्यातले सगळे ठिपके झाडून टाकले.

शहाणा माणूस आधी मूळ फाइलीची प्रत काढतो आणि मग झाडतो. मी आधी मूळ फाइलच झाडली, आणि मग, घर आवरून झाल्यावर कौतुकानं त्याचा फोटो काढावा तशी तिची प्रत काढली. ती प्रतही जुन्या प्रतीच्या टेपवरच. म्हणजे ठिपका असा जगात कुठेही उरला नाही.

शहराच्या जुन्या भागात आमच्या नव्या याद्या वापरून बघायला सुरुवात झाली. व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाला रोज सकाळी छापील यादी मिळायची: अमुक नंबर, अमुक जागा, इतके फेरे. त्या भागात चावीवाले काका होते. हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, आणि तीस वर्षांचा अनुभव. काका रोज यादी घेत, चार घड्या घालत, आणि तिने चावीची मूठ पुसत. वाचत कधीच नसत. म्हणून दोन आठवडे काहीही झालं नाही, आणि मी साहेबांना सांगितलं की नवी पद्धत उत्तम चालली आहे.

तिसऱ्या आठवड्यात काका मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि त्यांच्या जागी पैलवान आला.

पैलवान हा स्वभावाने गायीसारखा आणि अंगाने बैलासारखा माणूस. कागदावर त्याची नितांत श्रद्धा. गुरुवारी सकाळी दहाला एका अरुंद गल्लीत पाइप फुटला. दोन व्हॉल्व बंद करायचे होते. यादीत होतं, चौतीस फेरे. पैलवानाने चावी लावून उजवीकडे जोर लावला. व्हॉल्व हलेना. लोक म्हणाले, राहू दे. पैलवान म्हणाला, "चौतीस लिहिलंय म्हणजे चौतीस." तिसऱ्या हिसक्याला आतला दांडा कट्‌कन तुटला. पैलवानाला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं भरून काढायला त्याने दुसऱ्या व्हॉल्वला दुप्पट जोर लावला.

गल्लीच्या टोकाला एका गादीवाल्याचं तळघर होतं. त्यात एकशे साठ गाद्या. सगळ्या गाद्या मनसोक्त पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि तळघराचं दार आतून बंद झाल्यासारखं घट्ट बसलं. पाणी थांबवायला शेवटी मोठा व्हॉल्व बंद करावा लागला आणि अर्धं शहर दीड दिवस कोरडं राहिलं.

फोन बाईंनी घेतला. "उलटे होते ना ते," असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग पडद्यासमोर बसल्या, दोन नोंदी उघडल्या, आणि एकसष्टाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ठिपके कुठे गेले?"

चष्मेवाला एकदम कामात बुडाला.

"मी काढले," मी म्हणालो. "घाण वाटली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चल."

"कुठे?"

"घाण बघायला."

गल्लीत घोटाभर पाणी होतं. बाईंनी साडी खोचली, पैलवानाकडून तारेचा ब्रश घेतला आणि व्हॉल्ववरचं लोखंडी झाकण गुडघ्यावर बसून घासायला लागल्या. चिखल गेला, गंज गेला, आणि झाकणाच्या एका कोपऱ्यात हरभऱ्याएवढा खड्डा दिसला. छिन्नीचा एकच घाव.

"हा काकांच्या वडिलांनी मारलेला," बाई म्हणाल्या. "जुन्या भागात एका कारखान्याचे व्हॉल्व आहेत, ते डावीकडे फिरवून बंद होतात. बाकी सगळे उजवीकडे. ओळखू यावेत म्हणून ते झाकणावर ठिपका मारायचे. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरले. जिथे झाकणावर ठिपका, तिथे माझ्या कार्डावर ठिपका."

"मग सरळ 'उलटा' असं का नाही लिहिलंत?"

"एकोणऐंशी रकाने भरले होते. एक उरला होता. एका रकान्यात 'उलटा' मावतं का?"

"मग निदान वहीत कुठेतरी लिहून..."

बाई गप्प झाल्या. ही ओळ संपल्याची शांतता नव्हती.

"सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणजे मी, काकांचे वडील आणि काका."

जुनी कार्डं असती तर प्रश्नच नव्हता. पण खात्याने ती दहा वर्षांपूर्वी फेकून द्यायला सांगितली होती, आणि बाईंचा जीव झाला नाही म्हणून त्यांनी ती घरी नेऊन त्यांच्या कोऱ्या बाजूवर सामानाच्या याद्या लिहिल्या होत्या. शहराचे तीनशे बारा उलटे व्हॉल्व साबण, काडेपेट्या आणि सुईदोरा यांच्याबरोबर कधीच संपले होते.

आता उरली फक्त झाकणं. जुन्या भागात एकोणीसशे झाकणं, आणि बाईंच्या निवृत्तीला सात आठवडे. त्याच दिवशी माझाही निकाल.

"बाई, तुम्ही नका येऊ," मी म्हणालो. "गुडघे दुखतात तुमचे. माझी चूक, मी फिरतो."

"मी घरी बसले तर तू छत्र्या शिवायला जाशील," बाई म्हणाल्या. "वाईट शिवशील. लोक भिजतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या निघाल्या, हातात घडीचं स्टूल घेऊन. स्टूल पाहून मला आमच्या दुकानातलं स्टूल आठवलं.

सात आठवडे आम्ही रोज दुपारी दोन ते सहा शहराची जमीन घासत हिंडलो. मी झाकण घासायचं, बाईंनी स्टुलावर बसून नोंदवायचं. रजेवरून परतलेले काका आले, त्यांनी आपल्या हद्दीतले सगळे उलटे व्हॉल्व तोंडपाठ म्हणून दाखवले.

"मला एकदा विचारलं असतंस, जावईबापू, तर मी गाऊन दाखवले असते," ते म्हणाले.

"तुम्ही एकदा यादी वाचली असती, तर मला कळलं असतं."

"यादी वाचायची असते?" काका म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

पण काकांची हद्द निम्मी. उरलेल्या निम्म्याचा माणूस वारला होता, आणि त्याचं गाणं त्याच्याबरोबर गेलं होतं. तिथे आम्हाला ब्रशाशिवाय गती नव्हती. लोक खिडक्यांतून बघायचे. एका आजींनी मला आमच्या दारचं पण घासून दे म्हणून सांगितलं आणि मी ते घासलं. एका माणसाची गाडी झाकणावर उभी असायची. ती हलवायला तो तयार नव्हता, तेव्हा पैलवानाने ती नुसती मागून उचलली आणि बाजूला ठेवली. पैलवान रोज न बोलावता यायचा. त्याच्या मनाला ते दोन दांडे लागले होते.

एके दिवशी बाईंनी मला चावी हातात दिली. "फिरव. मोजत फिरव." मी फिरवली. अठराव्या फेऱ्याला हात भरून आले, पंचविसाव्याला तळव्याला फोड आला. चौतीस झाले तेव्हा मी झाकणाशेजारीच बसकण मारली.

"आता पडद्यावर चौतीस हा आकडा दिसला की काय आठवेल?"

मी तळवा दाखवला.

"झालं तर. एवढंच शिकवायचं राहिलं होतं."

रोज साधारण चारच्या सुमाराला, आम्ही कुठल्याही गल्लीत असलो तरी, बाईंचे यजमान स्कूटरवरून यायचे. उंच, अबोल गृहस्थ. थर्मास द्यायचे, गुडघ्याला बांधायचा पट्टा द्यायचे, आमच्याकडे बघून मान हलवायचे आणि जायचे. आम्ही कुठे आहोत ते त्यांना कसं कळायचं, देव जाणे. सात आठवड्यांत त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही. एक दिवस ते आले नाहीत, आणि त्या दिवशी बाईंना पाचव्या झाकणानंतर उठताच येईना. तेव्हा मला चार हजार ओळींत कुठेही न वापरलेला तो रकाना समजला.

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी तीनशे अकरा ठिपके परत जागेवर बसले होते. एकच झाकण सापडत नव्हतं. नोंद होती: 'खात्याचं आवार, पूर्वेची भिंत, झाडापासून सहा पावलं.' झाड कधीच तोडलेलं. आम्ही भिंतीशेजारी तीनदा फिरलो.

"तीनशे बाराच होते ना?" काकांनी विचारलं.

"मी मोजले होते," मी म्हणालो.

"पुसायच्या आधी मोजलेस," बाई म्हणाल्या. "तेवढं एक बरं केलंस."

मग त्या भिंतीच्या कडेला रचलेल्या ढिगाकडे बघत राहिल्या. मोडके प्रिंटर, गंजकी कपाटं, टेपांची रिकामी चाकं. "हा उकिरडा इथे कुणी रचला?"

मीच रचला होता. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, कार्यालयाला जरा नवं रूप यावं म्हणून.

शेवटच्या दिवशी सकाळी मी, चष्मेवाला, काका आणि पैलवान यांनी तो ढीग उपसला. म्हणजे आम्ही तिघांनी एक प्रिंटर हलवला आणि पैलवानाने बाकीचं सगळं. खाली झाकण होतं. मी घासलं. ठिपका होता. बाईंनी वर जाऊन तो स्वतः टाकला, आणि मग तासभर काहीतरी लिहीत बसल्या.

चारला साहेबांच्या खोलीत निरोपाची फुलं आणि माझा निकाल दोन्ही एकदम होतं. साहेबांसमोर यंत्राची नोंदवही उघडी होती. शेवटच्या पानावर बाईंच्या अक्षरात दोन ओळी: 'ठिपके पुसले: नवीन प्रोग्रॅमर. ठिपक्यांचा अर्थ कुठे लिहून ठेवला नाही: मी.' दोन्ही ऐंशीच्या आत.

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मला वाटत होतं, बाई माझं नाव झाकून घेतील. एवढे सात आठवडे बरोबर फिरल्या होत्या. पण त्यांनी कधी कुठल्या रकान्यात खोटं भरलं नव्हतं, आणि शेवटच्या दिवशी सुरुवात करायचं त्यांना कारण नव्हतं.

"यातली मोठी चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"त्याची दिसली. माझी पंचवीस वर्षं दिसली नाही," बाई म्हणाल्या. "आता सगळं त्याने लिहून ठेवलंय. तीनशे बारा झाकणांना हात लावलेला माणूस तुमच्याकडे एवढा एकच आहे. मी पाचला जाते आहे."

साहेबांनी वही मिटली. मला आणखी सहा महिने उमेदवारी दिली.

बाई गेल्यावर, वीज तोडण्याआधी, त्यांनी सकाळी काय लिहिलं ते मी उघडून पाहिलं. चाळीस ओळी. रोज सकाळी यादी छापायच्या आधी ठिपके मोजायचे. तीनशे बारा भरले नाहीत तर यादीच छापायची नाही. वीज तोडायच्या दिवशी यंत्रात काही नवं लिहायची काहीच गरज नव्हती; ते मी उतरवून घ्यावं म्हणून लिहिलं होतं. मोजणाऱ्या आकड्याला नाव दिलं होतं, 'भाचा'. बाईंच्या त्या चार हजार ओळींत सासरची सगळी माणसं होती, पण माहेरचं एकही नव्हतं. हे पहिलं.

सहा महिन्यांनी मी कायम झालो. रविवारी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. स्टूल शेजारच्यांना देतो." आणि खरंच दिलं.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी त्याच खात्यात, त्याच मजल्यावर आहे. जे कळत नाही ते पुसण्याआधी मी वीस पावलं चालत जाऊन विचारतो, मग भले कुणी घास भरवू का म्हणो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून जे काही मोडलं नाही, ते सगळं बाईंचं देणं आहे. माझ्या प्रोग्रॅमात बायकोचं, दोन्ही मुलींचं आणि थोरल्या मेव्हण्याचं नाव आहे. मेव्हणा दर महिनाअखेरीला येतो आणि सगळं अडवून बसतो. हल्लीची नवी पोरं ते वाचून खिदळतात आणि मी काचेपलीकडून ऐकतो. मला बरं वाटतं. हसताहेत म्हणजे निदान वाचताहेत. त्यांच्या साच्यात आकड्याचं स्वागत होत नाही. आकड्याला आपण कोण ते स्वतःच सांगावं लागतं. बाईंना मी ते फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बिचारा."

नव्या संगणकातही मी 'भाचा' उतरवून घेतला, एकसष्टावा रकाना राखून ठेवला, आणि त्याच्यासमोर ठिपका म्हणजे काय ते दीड पानभर लिहून ठेवलं.

गेल्या वर्षी खात्याने जुन्या भागातले पाइप बदलले. त्याबरोबर ते तीनशे बारा व्हॉल्वही काढले आणि उजवीकडे बंद होणारे बसवले. शेवटचा आमच्या आवारातला होता; तो निघाल्यावर मी 'भाच्या'ला शून्य मोजायला सांगितलं. मी बाईंना फोन केला. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कटकट गेली."

एकसष्टावा रकाना आता सगळीकडे कोरा आहे.